अण्णा, आधी तुमचा जॅक काढा

अण्णा, तुमच्या टीव्हीमागचा जॅक मी बघून आलो. तेव्हापासून जेवणात लक्ष लागंना.

तुम्हाला मातीत बसवलं, ती माती अजून नीट दबलीसुद्धा नाही. तुमचा जन्म कधीचा, मागं कोणकोण हाय, हे पोरांनी फोटोखाली छापून अणदूरच्या चौकात लावलंय. फोटो चांगला हाय, फक्त चष्मा काढायला लावलाय, त्यामुळं तुम्ही कुणावर तरी चिडल्यासारखे दिसता. ते सगळं छापणाऱ्याला माहिती. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. मला केबल येती, तेवढंच लिहितो.

न माहिती असणाऱ्यासाठी सांगायचं तर आपण साडू. दोघी सख्ख्या बहिणी, थोरली शांता तुमच्या घरात, धाकटी महानंदा माझ्या घरात. वयानं मी मोठा, नात्यानं तुम्ही. म्हणून मी तुम्हाला अण्णा म्हणायचं आणि तुम्ही मला गुरुनाथराव. दोघांनीही एकमेकाला कधी अरेतुरे केलं नाही. भांडलो तेसुद्धा अहोजाहो करून भांडलो. आपल्या भांडणात शिवी नसायची, त्यामुळं ते लवकर संपतही नसायचं.

गावात पहिली छत्री, म्हणजे डिश, आपण बसवली. सोलापूरहून केबलीचं बंडल आणायचं, माझ्या घरात छत्रीखालच्या खोलीत मशिनी, आणि तिथनं गल्लोगल्ली खांबाखांबानं तार. खांबावर मी चढायचो. तुम्हाला उंचीची भीती, पण ती तुम्ही कबूल करायचा नाही. म्हणायचा, "वर माकड लागतंय, खाली माणूस लागतोय. आता तुम्हीच बघा कोण कुठं जातंय." मग गिऱ्हाइकाच्या घरात टीव्हीपुढं मांडी घालून तुम्ही बसायचा, आणि मी वर तार पुढंमागं करायचो. वरनं मला चित्र दिसायचं नाही. तुम्ही ओरडाल त्यावर काम.

"मुंग्या हायत!"

"आता?"

"आता रेघा!"

"आता?"

"साकु!"

साकु म्हणजे कानडीत पुरे. तुमच्या आईचं माहेर कर्नाटकातलं, तिनं जेवताना पोळी वाढली की तुम्ही साकु म्हणायचा, तीच सवय धंद्यात आली. साकु म्हणलं की मी हात थांबवायचो. मला वाटायचं, अजून थोडं फिरवलं तर आणखी चांगलं होईल. एकदोनदा फिरवलंसुद्धा. तुम्ही दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिला, "गुरुनाथराव, टीव्ही कोण बघतंय, तुम्ही का मी?" त्यानंतर मी कधी जास्त फिरवलं नाही. एवढी एकच गोष्ट मी तुमची ऐकली असंल.

बाकी सगळं भांडण जॅकवरनं.

केबलीच्या टोकाला बसतो तो जॅक. कंपनीवाले त्याला कनेक्टर म्हणतात. बाहेरचं काळं सोलायचं, खालची जाळी मागं उलटवायची, पांढरं कापायचं आणि मधली तांब्याची तार ज्वारीच्या दाण्याएवढी बाहेर ठेवायची. जाळीचा एक केस जरी त्या तारेला लागला तरी चित्र गेलं. इथपर्यंत आपलं एकमत. पुढं दोन वाटा. तुमचा जॅक फिरकीचा, बाटलीच्या झाकणासारखा केबलीवर पिळत बसवायचा, आणि पाहिजे तेव्हा उलटा पिळून काढायचा. माझा दाबायचा. दाबायच्या पकडीच्या, म्हणजे क्रिम्परच्या तोंडात धरला, दांड्या आवळल्या, की त्याच्या मानेवर सहा कोन उमटतात आणि तो केबलीचाच होऊन जातो. नंतर निघत नाही. काढायचा तर टोकच कापून टाकावं लागतं.

मी म्हणायचो, फिरकीच्यात पाणी जातं, वाऱ्यानं सैल होतो, आणि एका घरचा जॅक सैल झाला की पुढच्या घरांत मुंग्या सुरू होतात. हे खरं हाय, आजही खरं हाय. तुम्ही म्हणायचा, बाया दिवाळीला भिंती रंगवतात, टीव्ही उचलून दुसऱ्या खोलीत नेतात, पोरगीचं लग्न ठरलं की टीव्ही आतून बाहेर येतो. दर वेळी गुरुनाथराव येऊन केबल कापणार का? कापून कापून केबल भिंतीपाशी पोचायची नाही. हेही खरं होतं. पण मी ते तुमच्या तोंडावर म्हणलो नाही.

शेवटी न बोलता वाटणी झाली. खांबावरचे जॅक माझे, दाबलेले. घरातले तुमचे, पिळलेले. गिऱ्हाईक हसायचं. तुम्ही चहा पिता पिता त्यांना सांगायचा, "आमचे साडू म्हंजे दाबलेला जॅक. एकदा बसला की कापल्याबिगर निघत न्हाय." मी म्हणायचो, "आणि हे फिरकीचे. कुणी पण यावं, पिळावं आणि काढून न्यावं." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त हसायचा.

मग कॅमेऱ्याचं काम आलं. त्याचा जॅक तिसराच, बीएनसी. आत ढकलायचा, किंचित फिरवायचा, खट्ट आवाज आला की बसला. तुम्हाला तो लई आवडला. गोट्या खेळावं तसं हातात खेळवत बसायचा, खट्ट, खट्ट. एकदा टॉवरवर काम करणाऱ्या माणसानं आपल्याला मोठा एन जॅक दाखवला, अंगठ्याएवढा, जाड आट्यांचा, आत रबराची कडी, पाऊस पडो का गारा. मी तो हातात घेतला आणि म्हणलं, ह्याला म्हणतात जॅक. तुम्ही म्हणलात, "तुम्हाला आवडणारच, जड हाय आणि लवकर निघत न्हाय." इंटरनेटच्या डब्यामागं सोन्याच्या रंगाचा बारीक जॅक असतो, तो दाखवल्यावर शांताअक्का म्हणाली, "कानात घालायला चांगला दिसंल." त्यावर तुम्ही खरंच दोन आणून दिले तिला. अजून तिच्या डब्यात हायत.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. इथं लिहितो, म्हणजे तुम्हाला कळंल की मला माहिती होतं. पाटलाच्या पत्र्यावरनं मी पडलो होतो. पत्र्यावर पाय ठेवताना मीच चुकलो, उन्हाळ्यासाठी त्याला मारलेला चुना ओला होता. गल्ली गोळा झाली, आणि तुम्ही पळत येऊन सगळ्यांसमोर म्हणलात, "माझ्याच हातनं शिडी हलली. यांचा दोष न्हाय." शिडी तुमच्या हातात नव्हतीच, अण्णा. तुम्ही आत टीव्हीपुढं बसला होता. लोक तुम्हाला बोलले, तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं. मी कण्हत पडलो होतो आणि गप्प राहिलो. दवाखान्यात तुम्ही माझ्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला, तेव्हाही आपण दोघं त्यावर बोललो नाही. तुमच्या उपकाराची पद्धतच अशी होती, परत फेडायला जागाच ठेवायचा नाही.

म्हणून देवळाच्या गच्चीवरचं मला जास्त लागलं.

आपला खंडोबा वर्षातले दोनेक महिने नळदुर्गला राहतो आणि मग परत अणदूरला येतो. तो यायचा दिवस म्हणजे गाव जागेवर नसतं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी आपण देवळाच्या गच्चीवर कॅमेरा लावला आणि आपल्या गावच्या चॅनेलवर पालखी दाखवायची ठरवली. कॅमेऱ्याकडचा जॅक तुमचा, खट्टवाला. तिथनं पुढं लायनीला जोडणारा माझा, दाबलेला. तुमची आई घरी बाजेवर उशा लावून टेकून बसली होती. सकाळपासून तिनं टीव्हीवरची नजर काढली नव्हती, देवळापुढची मोकळी वाट दिसत होती तरी हात जोडत होती.

पालखी वेशीत आली, हलगी वाजायला लागली, भंडारा उडाला, आणि सगळ्या गावात टीव्ही निळे झाले.

मी खाली होतो, तुम्ही खाली होता. दोघंही गच्चीवर धावलो. मी म्हणलं, "अण्णा, आधी तुमचा जॅक काढा."

तुम्ही म्हणलात, "तुमचा बघा की."

"माझा दाबलेला हाय. बघायचा म्हंजे कापावा लागतोय. तुमचा नुसता फिरवला की निघतोय."

तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलं ते मी विसरलो नाही. आवाज चढवला नाही तुम्ही. म्हणलात, "माझा निघतोय म्हणून दर वेळी आधी माझाच काढायचा व्हय, गुरुनाथराव?"

मी म्हणलं, "हो. कामाची रीतच ती हाय."

तुम्ही जॅकला हात लावला नाही. मीही लावला नाही. आपण दोघं गच्चीवर उभे आणि खाली देव दारात आला, आत गेला. नंतर गर्दीत कुणीतरी केबल गुंडाळून दोन्ही टोकं कापून टाकली. जॅक कुणाचा गेला होता ते कधीच कळलं नाही. तुमची आई तेवढी म्हणाली, "देव गावात आला न्हवं? मग मला दिसला काय न् न दिसला काय." ती शांतपणे म्हणाली, म्हणून आपल्याला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही न बोलता जॅकचा डबा उचलला. मी क्रिम्पर उचलला. रस्त्याच्या खालच्या गल्ल्या तुमच्या, वरच्या माझ्या. मशिनी माझ्या घरात राहिल्या, तुमची लाइन तिथनंच जायची, पण तुम्ही खोलीत पाय ठेवला नाही. लोकांना वाटायचं आपण बोलत नाही. तसं नव्हतं. दोघी बहिणी एकमेकीकडं रोज, आपण कुठं तोंड लपवणार? जेवलात का, बरं हाय का, पोराचं काय, सगळं बोलायचो. फक्त केबलीचं बोलणं बंद. दोन माणसं जन्मभर ज्याच्यावर बोलली तेवढंच सोडून बाकी सगळं बोलायला लागली, तर ते बोलणं कसं असतं ते आपल्यालाच माहिती. तोवर गावात मोबाइल आले, काचेची बारीक तार आली, आपली गिऱ्हाइकं गळत गेली. दोघांच्याही हाती थोडीच घरं राहिली. तरी आपण एकत्र आलो नाही.

मग तुमचे हात थरथरायला लागले. दम लागायला लागला. मी येऊन बसायचो, तुम्ही टीव्ही बघायचा, मी भिंत बघायचो. एका दुपारी जेवून पाठ टेकली ते उठलाच नाहीत.

मातीच्या वेळी मठाच्या स्वामींनी सांगितलं तसं, आपल्या लिंगायत रीतीनं, आम्ही तुम्हाला बसवलं. मांडी घालताना एक पाय माझ्या हातात होता. टीव्हीपुढं घालायचा तशीच मांडी. विभूती लावली, बेल वाहिला. सगळे मंत्र म्हणत होते आणि मला वाटलं, आता तुम्ही ओरडाल, मुंग्या हायत म्हणून.

आता त्या जॅकचं सांगतो.

परवा शांताअक्कानं बोलावलं. एवढे दिवस घरात टीव्ही बंद होता, आता लावला तर चित्र ठिकऱ्या ठिकऱ्या. बातम्या सांगणाऱ्या बाईचं तोंड एकीकडं, हनुवटी एकीकडं. मी मनात म्हणलं, असणारच, फिरकीचा सैल झाला असंल. टीव्ही पुढं ओढला, मागं हात घातला, चष्मा लावून बघितलं.

दाबायचा जॅक होता, अण्णा. माझ्या जातीचा. पण त्याच्या मानेवर सहा कोन नव्हते, पकडीचे दात होते. साध्या पकडीनं इकडनं तिकडनं चावल्यासारखा दाबलेला. कापऱ्या हातानं. तार बाहेर बरोबर ज्वारीच्या दाण्याएवढी, जाळी सुबक उलटवलेली. फक्त दाब बसला नव्हता.

"अक्का, हे कुणी केलं?"

"त्यांनीच की. जायच्या आधी चार दिस. दुपारभर बसले होते." अक्का बाजेवर बसून पदराची कड ओढत होती. "म्या म्हणलं, पाव्हण्यांकडनं ते दाबायचं आणू का मागून? तर म्हणले, नको."

"का नको?"

"म्हणले, गुरुनाथरावांना वाटंल म्या त्यांचं खरं केलं."

मला हसू आलं. मी तुमचा डबा मागितला. मला वाटलं, फिरकीचे संपले असतील, नाइलाजानं हा घातला असंल. डबा उघडला तर अर्धा डबा फिरकीचे जॅक चकचकीत पडलेले. म्हणजे नाइलाज नव्हता. तुम्हाला माझा घालायचा होता. आणि माझ्याकडं मागायचं नव्हतं. घर किती लांब होतं? हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं.

मी खिशातनं कटर काढला. "अक्का, टोक कापतो, नवा बसवतो. पाच मिनिटांचं काम."

अक्का उठून उभी राहिली. "कापू नका, पाव्हणं."

"खराब हाय अक्का ते. पुढच्या घरात पण जातंय खराब."

"जाऊ द्या. त्यांच्या हातचं शेवटचं हाय ते."

मी कटर खिशात घालून घरी आलो. कुणी मला सांगावं, खराब जॅक लायनीवर राहू द्या, आणि मी राहू द्यावा, असं कधी झालं नव्हतं. ओळखीच्या माणसांशी मी यावरनं वैर केलंय. त्यात पुढच्या घरचा फोन आलाच, काका, तुमचं चित्र तुटतंय. मी म्हणलं, बघतो. महानंदानं ताट वाढलं, मी उठलो. ती म्हणाली, "अण्णांचा एवढा राग अजून?" मी म्हणलं, "राग न्हाय." "मग काय हाय?" कापावा तर तुमचं कापल्यासारखं. ठेवावा तर जन्मभर जे म्हणलो ते खोटं. आणि राग होताच थोडा, अण्णा. मागितला का नाही क्रिम्पर? मी दिला नसता काय? हां, दिला असता आणि वर चार शब्द ऐकवलेही असते. तेवढं तुम्हाला जन्मभर ऐकायची सवय होती की.

आज सकाळी क्रिम्पर पिशवीत घातला आणि गेलो.

अक्कानं पिशवीकडं बघितलं. "कापणार?"

"न्हाय."

"मग ते कशाला आणलंय?"

"अण्णांनी अर्धं केलंय. उरलेलं करतो."

तिनं टीव्ही लावला आणि बाजेवर न बसता खाली बसली, तुमच्या जागी. मी टीव्हीमागं सरकलो. तुमचा जॅक न काढता तसाच क्रिम्परच्या तोंडात धरला. कामाची ही रीत नव्हं. चावलेला जॅक परत दाबत नसतात, पत्रा वाकडा झालेला असतो. दांड्या आवळल्या. पकडीचे दात सहा कोनांखाली गेले, एक दात राहिला, तो अंगठ्याला लागतो.

"आता कसं हाय, अक्का?"

"तोंड जुळलं बाईचं."

"ठिकऱ्या?"

"कमी हायत."

"पूर्ण गेल्या का?"

"एखादी येती मधनंच."

माझा हात खिशातल्या कटरकडं गेला. एखादी येती म्हणजे जॅक बसला नाही. टोक कापलं की चित्र काचेसारखं झालं असतं, एवढं मला झोपेतही माहिती हाय. म्हणलं, "अक्का, अजून एकदा—"

"साकु," अक्का म्हणाली. "साकु, पाव्हणं."

देवळाच्या गच्चीवरचा जॅक माझा नव्हता, अण्णा. ते मी आजही म्हणतो. क्रिम्पर तुमच्या टीव्हीवर ठेवून आलोय, आता तो तिथंच राहील. कुणाला मागायला नको.

टीव्हीमागनं मला चित्र दिसत नव्हतं. खांबावरनंही कधी दिसलं नाही. तुमच्या जागेवरनं साकु म्हणलं गेलं, म्हणून मी हात थांबवला आणि उठलो.